तिसरीतल्या मुलीला सुट्टीत मराठी वाचायला काय द्यावं? (इंग्लिश मीडियम, मराठी म्हटलं की पळते)

ओवीची_आई:
नमस्कार मंडळी. लेक तिसरी संपवून आता चौथीत जाईल. घरी आम्ही मराठीच बोलतो, इंग्रजी पुस्तकांचा ती दोन दिवसात फडशा पाडते, पण मराठी पुस्तक हातात दिलं की लगेच तहान लागते नाहीतर पोटात दुखतं. मागच्या महिन्यात मी हौसेने बोधकथांचा दहा पुस्तकांचा संच आणला, तर बाईसाहेब डायरेक्ट शेवटचं पान उघडून तात्पर्य वाचतात आणि "झालं वाचून" म्हणून ठेवून देतात. गोष्टीत काय होतं विचारलं तर म्हणे "लोभ करू नये". घ्या आता!! शाळेने सुट्टीसाठी यादी दिलीये, त्यात श्यामची आई आहे आणि वाचून झालं की पानभर सारांश लिहायचाय. ह्याने ती आहे तेवढंही वाचायचं सोडेल असं वाटतंय. जूनच्या मध्यापर्यंत वेळ आहे, काय देऊ? आम्ही पुण्यातच आहोत, दुकानात जाऊन घेता येईल.

जुना_मास्तर:
ताई, पुस्तक नंतर बघू, आधी ती नक्की कुठे अडते ते बघा. एक पान मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही फक्त ऐका, मधे दुरुस्त करायचं नाही. जन्मभर प्राथमिकला शिकवलंय म्हणून सांगतो, "जोडाक्षरं येत नाहीत" असं पालक म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा भानगड एकट्या र ची असते. वर्ग चं वग्र, पर्वत चं पव्रत. पोराचा दोष नाही हो, रफार दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा त्याच्या आधी. त्यात ट्रक मधला र वेगळा, क्रम मधला वेगळा, सूर्य मधला वेगळा. सूर्य, पर्वत, गर्दी, दर्शन असे वीसेक शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा, आठवड्यात सुटेल.
दुसरं म्हणजे छपाई बघून घ्या. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो, पण बऱ्याच स्वस्त पुस्तकांत हिंदी वळणाचा टाइप असतो. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, आठ वर्षाचं पोर मात्र प्रत्येक ओळीत ठेचकाळतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही.

पुस्तकी_किडा:
चिंटू द्या!! सिरियसली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा, १९९१ पासून सकाळमध्ये यायचा तोच, त्याचे संग्रह मिळतात. तीन-चार चौकटीत विषय संपतो, भाषा आपण घरी बोलतो तीच, आणि बगळ्या आणि पप्पू काय बोलले ते वाचल्याशिवाय जोक कळतच नाही त्यामुळे वाचावंच लागतं. आणि तात्पर्य नाही 😄 माझा मुलगा सहा महिने फक्त चिंटू वाचत होता, सासूबाई म्हणायच्या हे काय वाचन आहे का, मी म्हटलं आई वाचतोय ना, वाचू दे.

दादरकर_७२:
माफ करा पण हल्लीच्या पालकांचं हेच चुकतं. मुलाला जड जाईल म्हणून सगळं हलकंफुलकंच द्यायचं. आम्ही चौथीत श्यामची आई वाचलं, ढसाढसा रडलो, काही बिघडलं नाही. शाळेने दिलंय तर वाचून घ्या.

वाचनालयवाली:
दादरकरकाका, तुमच्या चौथीत आजूबाजूला सगळं मराठीच होतं ना, पाट्या, पेपर, शाळा, सगळं. ह्या मुलीसाठी ती १९३५ सालची, कोकणातल्या घरातली भाषा आहे, सोवळं-ओवळं म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल. पुस्तक चांगलंच आहे, पण तिने एकटीने बसून वाचायचं नाहीये ते. त्यात प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र पहिली, रात्र दुसरी अशा बेचाळीस रात्री आहेत, श्याम रोज रात्री मित्रांना सांगतो म्हणून. तेव्हा तसंच करा की, झोपताना एकेक रात्र तुम्ही वाचून दाखवा. जूनच्या मध्यापर्यंत साधारण सहा आठवडे धरले तर दिवसही बरोब्बर बेचाळीसच होतात, बघा. सारांश तिने तोंडी सांगावा, तुम्ही लिहून घ्या, शाळेला काय कळतंय.
आता तिने स्वतः वाचायचं काय. मी सोसायटीतली छोटी लायब्ररी बघते, तिथे माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं सगळ्यात लवकर फाटतात, हेच माझं रेकमेंडेशन. राधाचं घर लहानांसाठी आहे, तिला बाळबोध वाटेल असं म्हणाल, पण मुद्दाम तेच आधी द्या. जे पंधरा मिनिटात वाचून संपतं तेच आधी. चित्रंही त्यांनीच काढलीयेत आणि घर अगदी आपल्यासारखं दिसतं. मग बाबांच्या मिशा वगैरे. आणि दुकानात नेलंत तर मधलं कुठलं तरी पान तिला वाचायला द्या, पाचापेक्षा जास्त शब्दांना अडली तर ते पुस्तक पुढच्या वर्षी. फास्टर फेणे साधारण ह्याच परीक्षेत नापास होतो तिसरीत, पाचवीत गेली की तिला आवरणार नाही. तोत्तोचानचा मराठी अनुवादही वाचून दाखवायला ठेवा, रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा म्हटल्यावर मुलं हलत नाहीत.

न्यूजर्सी_मावशी:
आमच्याकडे दुकानच नाही त्यामुळे सगळं ऑनलाइन. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, फुकट, गोष्टींना पातळ्या दिलेल्या असतात, मराठी निवडून सुरुवात पहिल्या पातळीपासून करायची, प्रिंटही काढता येतं. मास्तरांनी टाइपचं लिहिलंय ते मात्र उघडून आधी बघा. किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून फुकट ठेवलेत, अगदी १९७१ पासूनचे, मी मुलीसाठी उघडले आणि रात्री दीडपर्यंत स्वतःच वाचत बसले, सकाळी डबा करायला उशीर. मुलीने काय वाचलं, तर कोडी. चालेल, कोड्यातही शब्दच असतात.

ओवीची_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, आठ दिवसांनी लिहितेय. मास्तर, तुम्ही जादूगार आहात. तिने "गर्दी" चं "गद्री" वाचलं आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की कंटाळा करते. फ्रिजवर कागद लावलाय, येताजाता ती आजोबांची परीक्षा घेते आणि मुद्दाम चुकीचं वाचून दाखवते. चिंटू शेजाऱ्यांकडून आणला, जेवताना वाचतेय, आमटीचे डाग पडलेत, नवीन घेऊन द्यावा लागणार. श्यामच्या चार रात्री झाल्या, एका रात्री मलाच पुढे वाचवेना तेव्हा तिने पुस्तक ओढून दोन ओळी वाचल्या आणि परत माझ्याकडे दिलं. बोधकथांचा संच माळ्यावर. शनिवारी पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात (एबीसीला) न्यायचा विचार आहे, तिथे गाडी कुठे लावायची?

पुस्तकी_किडा:
गाडी?? मे महिन्यात, एबीसीला?? 😂 मेट्रोने या, मंडईला उतरा आणि चालत जा. आणि पिशवी मोठी आणा.