'चार्ज'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

शब्दसूची_टेबल
एका इंग्रजी शब्दाला एकच प्रतिशब्द, या नियमानं भाषांतराची सूची चालू आहे आणि 'चार्ज'पाशी गाडं अडलंय. सध्या नोंद 'शुल्क' अशी आहे. परिणाम असे:
'फर्स्ट चार्ज ऑन द प्रॉपर्टी' – मालमत्तेवरील प्रथम शुल्क.
'व्हेन फुली चार्ज्ड' – पूर्ण शुल्क आकारल्यावर.
'ही टुक चार्ज ऑफ द ऑफिस' – त्यांनी कार्यालयाचे शुल्क घेतले. (हे तर लाचलुचपतवाल्यांकडे पाठवण्यासारखं झालंय.)
कामात बँकांची मंजुरीपत्रं, खातेनिहाय चौकशीचे कागद, वीजबिलं, उपकरणांच्या पुस्तिका असं सगळं मिसळून येतं. नोंदी किती कराव्यात? आणि वाक्यावरून अर्थ ओळखायचा कसा?

पदच्छेद
एकास एक हा नियम इथे सोडूनच द्या. निदान सहा नोंदी लागतील. मूळ एकच आहे: लॅटिनमधला गाडीवाचक शब्द, त्यावरून 'गाडीत माल भरणे', मग फ्रेंचमार्गे इंग्रजीत. ओझं जमिनीवर टाकलं की बोजा, माणसावर टाकलं की जबाबदारी किंवा आरोप, गिऱ्हाइकावर टाकलं की आकार.

ओळखायला आधी शेजारचं अव्यय बघा. 'ऑन' आणि पुढे मालमत्ता असेल तर बोजा. 'विथ' आणि पुढे गुन्हा असेल तर दोषारोप. 'फॉर' आणि पुढे सेवा असेल तर आकार किंवा शुल्क. 'ॲट' असेल तर चालून जाणे, मग तो बैल असो की घोडदळ. 'ऑफ' मात्र फसवतो. 'टुक चार्ज ऑफ'मध्ये कार्यभार, पण 'चार्ज ऑफ मर्डर'मध्ये आरोप, म्हणून तिथे क्रियापद पाहावंच लागतं. 'चार्ज इट टू माय अकाउंट' म्हणजे माझ्या खात्यावर मांडा.

सगळ्यात जास्त चुका एका 'द'मुळे होतात. 'नर्स इन चार्ज ऑफ द पेशंट' म्हणजे रुग्णाची जबाबदारी असलेली परिचारिका. 'पेशंट इन द चार्ज ऑफ अ नर्स' म्हणजे परिचारिकेच्या देखरेखीखालचा रुग्ण. 'द' आला की माणूस सांभाळणारा राहत नाही, सांभाळला जाणारा होतो.

आकारणी
पैशांच्या अर्थातही 'शुल्क' डोळे मिटून टाकू नका. महावितरणचं बिल समोर ठेवा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्याखाली वीज शुल्क. तिथे 'चार्ज'ला आकार म्हणतात; शुल्क हा 'ड्युटी'साठी, म्हणजे सरकारजमा होणाऱ्या रकमेसाठी राखलेला शब्द आहे. सगळ्यालाच शुल्क म्हटलं तर दोन वेगळ्या रकमांना एकच नाव पडेल. परीक्षा, प्रवेश, नोंदणी यांना मात्र शुल्कच शोभतं. 'फ्री ऑफ चार्ज'ला विनामूल्य. 'शुल्कमुक्त' म्हटलं की जकात आठवते.

फेरफार_नोंद
बोजाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथली चूक महागात पडते. बोजा म्हणजे गहाण नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्ये गहाणाची व्याख्या कलम ५८ मध्ये आहे, 'चार्ज'ची कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध धनकोकडे हस्तांतरित होतो. बोजात तो होत नाही. ती मालमत्ता फक्त कर्जाला तारण राहते. मंजुरीपत्रात 'मॉर्गेज' आणि 'चार्ज' दोन्ही असतील तर मराठीतही दोन शब्द हवेतच.

सातबाऱ्यावर ही नोंद 'इतर अधिकार' रकान्यात येते. फेडीनंतर 'बोजा कमी करणे'. शेती संस्थेचं कर्ज घेणारा सभासद सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली जे घोषणापत्र करतो, तो इकरार. हल्ली तो 'ई-करार' असा लिहिलेला दिसतो आणि वाचणाऱ्याला ऑनलाइन करार वाटतो. शब्द अरबी-फारसीतून आलाय, अर्थ कबुली. 'ई-मेल'मधल्या 'ई'शी त्याचं नातं नाही.

आणि 'फिक्स्ड चार्ज' जपून. वीजबिलात तो स्थिर आकार. कंपनीच्या कर्जकागदात तो ठरावीक मालमत्तेवरचा स्थिर बोजा, जोडीला बदलत्या मालसाठ्यावरचा तरता बोजा. असे बोजे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ नुसार एरवी ३० दिवसांत नोंदवावे लागतात. तिथे 'आकार' छापून गेला तर परिच्छेदाला अर्थच उरत नाही.

कलमकसाई
आरोप आणि दोषारोप वेगळे ठेवा. आरोप कुणीही कुणावर करतो, दोषारोप रीतसर ठेवला जातो. आपल्याकडे एफआयआर झाला की 'गुन्हा दाखल', तपासानंतर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात, आणि दोषारोप निश्चित करतं न्यायालय. इंग्लंडच्या बातमीत 'चार्ज्ड विथ मर्डर' आलं तर तिथे पोलीस किंवा सरकारी अभियोक्तेच आरोप ठेवतात. त्याला 'गुन्हा दाखल' लिहिणं म्हणजे दोन पायऱ्या मागे जाणं. 'खुनाचा आरोप ठेवला' पुरेसं आहे. खातेनिहाय चौकशीतल्या कागदालाही दोषारोपपत्रच म्हणतात (१९७९ चे शिस्त व अपील नियम), तेव्हा आधी कागद कुठल्या दप्तरातला ते बघा.

शब्दसूची_टेबल
बोजा, आकार, दोषारोप घेतले. बॅटरीला 'प्रभारित करा' चालेल का? आणि कार्यभार की पदभार?

पदच्छेद
बॅटरीला नको. प्रभार हा शाळेच्या विज्ञानातला शब्द, कूलोममध्ये मोजायचा. बॅटरी चार्ज होताना तिच्यात एकूण प्रभार वाढत नाही. एका टोकानं जितका आत येतो तितकाच दुसऱ्यानं बाहेर जातो, साठते ती रासायनिक ऊर्जा. पुस्तिकेत सरळ 'चार्ज करा', 'चार्जिंगला लावा' लिहा. 'विद्युतभार'ही टाळा. भार म्हणजे 'लोड' हे बिलावरच्या 'मंजूर भार'नं आणि भारनियमनानं कधीच पक्कं केलंय.

स्वतःच्या पदाचा तो पदभार, दुसऱ्या पदाचा जादा आला तर अतिरिक्त कार्यभार. 'प्रभारी' मात्र जपून: प्रभारी मुख्याध्यापक म्हटलं की नेमणूक तात्पुरती असं वाचलं जातं. 'वॉर्ड इन-चार्ज' कायम असेल तर 'कक्षप्रमुख' करा.