दवाखान्यात आजार सगळ्यांदेखत विचारतात, काय करावं?

प्रश्न: परवा शेजारच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलं, "शुगर वाढली म्हणे?" लॅबचे रिपोर्ट दवाखान्याच्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपने येतात आणि तो फोन काउंटरवर उघडाच पडलेला असतो. शिवाय काउंटरवरच्या ताई "काय होतंय?" हे पंधरा माणसांसमोर विचारतात. डॉक्टरांशी वीस वर्षांचे घरचे संबंध. बोलायचं कसं?

उत्तर: बिनधास्त बोला. मी बारा वर्षं काउंटर सांभाळलाय. केसपेपर पालथे ठेवायचे, तक्रार चिठ्ठीवर लिहून घ्यायची, एवढंच तर असतं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांत गुप्तता पाळायला स्पष्ट सांगितलंय. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे.

उत्तर: आणि त्याच २००२ च्या नियमांनुसार, तुम्ही स्वतःचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. काकूंना नाही, तुम्हाला!

प्रश्नकर्ता: काल बोललो. डॉक्टर ओशाळले, लगेच फोनला पासवर्ड टाकला. ताईंनी तो तिथूनच ओरडून कंपाउंडरला सांगितला. आता मलाही पाठ आहे.