प्रतिसाद: जुन्या गाडीत मूळ स्टिरिओ परत जोडताना

बाजारातला सेट काढून गाडीचा मूळ स्टिरिओ परत जोडला, पण चावी काढली की त्याचं घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं पुसली जातात, अशी एकाची तक्रार आहे. त्यात स्टिरिओचा दोष बहुधा नाही. बाजारातला सेट बसवताना मूळ सॉकेट कापलं असेल, तर आता पिवळी (मेमरीला कायम वीज देणारी) आणि लाल (चावीबरोबर चालू-बंद होणारी, म्हणजे स्विचची) वायर उलट लागली असणार. रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. चावी बंद असताना ज्या वायरवर १२ व्होल्ट येतात ती मेमरीची. चावी ॲक्सेसरीवर (इंजिन बंद ठेवून रेडिओ चालतो त्या खाचेवर) आणल्यावरच येतात ती स्विचची. आयएसओ सॉकेटमध्ये (स्टिरिओमागच्या प्रमाणित सॉकेटमध्ये) मेमरी ए४, स्विच ए७ आणि अर्थिंग (बॉडीला जाणारी मायनस वायर) ए८ या पिनवर असते. काही फोक्सवॅगन गाड्यांत ए४-ए७ ची अदलाबदल असते, तिथे हमखास फसायला होतं.

स्पीकरची एकही वायर बॉडीला टेकू देऊ नका, ॲम्प्लिफायरची आयसी (चिप) जळते. प्लस कुठली ते कळायला स्पीकरच्या वायरच्या जोडीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर आला, तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे राहिले तर बास पार जातो.

जोड पिळून टेप गुंडाळू नका. उन्हात डिंक वितळतो. सोल्डर करून हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. बॅटरी काढण्याआधी स्टिरिओचा कोड (वीज तुटल्यावर लॉक झालेला सेट उघडायचा आकडा) मात्र शोधून ठेवा.