प्रेषित थोमावर कादंबरी: पुरावे कसे लावावेत, आणि त्याला पंचगंगेकाठी आणता येईल का?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमा याच्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहितो आहे. शुभवर्तमानांतले त्याचे प्रसंग आणि केरळातली परंपरा ढोबळ माहीत आहे. तीन ठिकाणी अडलोय. तो गांधारच्या राजाकडे गेला आणि तो केरळच्या मुझिरिस बंदरात उतरला, ही दोन्ही वर्णने एका आयुष्यात कशी बसवायची? प्रवासाला किती दिवस धरायचे? आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन वस्तू सापडल्यात, म्हणून एक प्रकरण कोल्हापुरात घडवावे असे मनात आहे, ते टिकेल का?

खरोष्ठी:
बसवण्याआधी प्रत्येक वर्णन कधीचे आहे ते बघा. थोमा बोलतो तो फक्त योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय ११, १४ आणि २० मध्ये. बाकी तिन्ही शुभवर्तमानांत त्याचे नाव केवळ यादीत आहे. भारताचा उल्लेख यात कुठेच नाही. तो सविस्तर येतो 'थोमाची कृत्ये' या सिरियाक (अरामीच्या एका बोलीतल्या) ग्रंथात. हा ग्रंथ तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, बहुधा एडेसा (आजच्या तुर्कस्तानातले उर्फा) भागातला, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलेला. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस मात्र थोमाच्या वाट्याला पार्थिया (इराणकडचे राज्य) आला असे नोंदवतो. इ.स. ५२ मध्ये केरळात आगमन, सात ख्रिस्ती मंडळ्या, इ.स. ७२ मध्ये मैलापूरला (आजच्या चेन्नईत) मृत्यू या तारखा आणखी उशिराच्या लेखनातून येतात. ज्या 'रंबान पाट्टू' या मल्याळी गीतावर पुष्कळजण भिस्त ठेवतात, त्याचे आजचे रूप १६०१ चे मानले जाते. परंपरा त्याहून खूप जुनी आहे, पण आकडे तितके जुने समजू नका.

'कृत्यां'तला राजा गुदनाफर म्हणजे गांधारचा गोंडोफारेस. १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसनने अफगाणिस्तानात नाणी गोळा करीपर्यंत हे नाव इतिहासाला जवळजवळ या कथेतूनच ठाऊक होते. तख्त-ए-बाहीच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) शिलालेखात त्याचे राज्यवर्ष २६ आणि एका नाव न दिलेल्या कालगणनेचे वर्ष १०३ आहे. ती कालगणना इ.स.पू. ५८-५७ ची धरली तर हे साल इ.स. ४६ येते आणि राज्यारोहण २० च्या सुमारास. ती अझेस राजाची आणि इ.स.पू. ४७-४६ ला सुरू झाली हे अलीकडचे मत घेतले, तर सगळे दहा वर्षांनी पुढे सरकते. येशूला वधस्तंभावर दिले ते ३० किंवा ३३ साली, तेव्हा दोन्ही हिशेबांत थोमाला राजा गादीवर सापडतो. मात्र एकच हिशेब घ्या आणि शेवटच्या पानापर्यंत तोच चालवा. हिशेब मिसळले की राजाचा भाऊ गाद एका प्रकरणात तिशीचा आणि पुढच्यात चाळिशीचा होतो, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

आणखी एक सापळा: क्नाई थोमा हा वेगळा माणूस आहे. परंपरेने ३४५ साली केरळात आलेला व्यापारी. त्याच्या गोष्टी प्रेषिताच्या नावावर चढलेल्या बऱ्याच ठिकाणी दिसतात.

भरतीओहोटी:
प्रवासाचे उत्तर देतो. रोमन काळातल्या भारताच्या समुद्रमार्गाचे आकडे पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाकडे नीट मिळतात. अलेक्झांड्रियाहून नाईलवरून कोप्टोसला १२ दिवस, तिथून उंटांवरून वाळवंट ओलांडून बेरेनिकेला आणखी १२, तांबड्या समुद्रातून त्याच्या दक्षिण मुखाजवळच्या ओकेलिसपर्यंत सुमारे ३०, आणि ओकेलिसहून नैऋत्य वाऱ्यावर मुझिरिसला ४०. बंदरात वाट पाहण्याचे दिवस सोडून ९४ होतात. मिसरमधून जुलैच्या सुमारास निघायचे. लवकर निघालात तर ऐन पावसाळ्यात मलबारच्या किनाऱ्याशी पोचाल, आणि तेव्हा खवळलेल्या समुद्रात बंदरात शिरता येत नाही. परतीचे जहाज डिसेंबरात सुटते, फार तर जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरलेल्या माणसाला दोनच पर्याय: तीनेक महिन्यांत परत जा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत अडकून राहा. तुमच्या कथानकाला हा ताण आयता मिळतो, तो वाया घालवू नका.

गांधारला खुष्कीने न्यायचे असेल तर खाराक्सच्या इसिडोरने पार्थियातले मुक्काम युफ्रेटिसपासून अराखोशियापर्यंत (कंदाहारच्या भागापर्यंत) अंतरांसकट लिहून ठेवलेत. त्यावरून दिवस काढा. मालवाहू बैलगाड्यांचा वेग पेरिप्लसमध्ये (पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत) आहे: भडोचपासून पैठण २० दिवस, तिथून पूर्वेला तेर १० दिवस.

ताडपत्र:
खरोष्ठींच्या मताला थोडी भर. दोन परंपरा जोडायला 'कृत्ये' स्वतःच जागा देतात. गुदनाफरचे राज्य सोडून थोमा एका सेनापतीबरोबर मझदाई राजाच्या प्रदेशात जातो. ते राज्य कुठे आणि किती लांब, हे कथेत सांगितलेलेच नाही. मधला प्रवास तुमचा, आणि तो कल्पनेने भरणे इथे अप्रामाणिक नाही. अडचण वेगळीच आहे. मझदाई हे नाव इराणी आहे आणि दरबाराची रीतही तिकडची, त्यामुळे त्याला थेट मैलापूरचा तमिळ राजा केलात तर जाणकार वाचक हटकेल. शिवाय चौघा सैनिकांच्या भाल्यांनी मरण आल्यावर अस्थी पश्चिमेकडे नेल्या असे तोच ग्रंथ सांगतो. चौथ्या शतकात सिरियाक कवी एफ्रेमच्या गीतांत त्या एडेसात आहेत, आणि एगेरिया या यात्रेकरू बाईने तिथले स्थान पाहिले होते. शेवटचे प्रकरण लिहिताना हे विसरू नका.

'कृत्यां'त थोमा सुतार आहे, त्याचा उपयोग करा. ग्रीक पाठात हब्बान व्यापारी त्याला तीन लिट्रा, म्हणजे जवळजवळ एक किलो, नाणी न पाडलेल्या चांदीला विकत घेतो. काय करता येते विचारल्यावर तो नांगर, जू, वल्ही, डोलकाठ्या, आणि दगडात खांब व राजवाडे सांगतो. राजवाड्याचा आराखडा तो बोरूने जमिनीवर काढतो: दारे उगवतीकडे, खिडक्या मावळतीकडे, भटारखाना दक्षिणेला, पाण्याचे नळ उत्तरेला. आणि बांधकाम हिवाळ्यात करतो म्हणतो, तेव्हा राजा चकित होतो, कारण सगळे उन्हाळ्यात बांधतात. असा तपशील कुणाला कल्पनेने सुचायचा नाही. तो जसाच्या तसा वापरा.

भाषेची काळजी करू नका. सिरकपला (तक्षशिलेत) अरामी शिलालेख मिळालाय आणि कंदाहारला अशोकाचा ग्रीक-अरामी लेख, म्हणजे त्या वाटेवर अरामीला जुनी ओळख होती. लोकांत गांधारी प्राकृत, लिपी खरोष्ठी, लिहायला भूर्जपत्र. कागद नको. क्रूसाचे लॉकेटही नको, तसे चिन्ह सर्रास वापरात येते ते चौथ्या शतकापासून.

करवीर:
तिसरा प्रश्न. ब्रह्मपुरीचे कांस्य अस्सल आहे. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आणि इटलीत घडवलेली भांडी आपल्याच टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत. १९४५-४६ चे उत्खनन सांकलिया आणि दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे केले, अहवाल १९५२ चा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा, आणि घरांच्या आराखड्यांपासून वाचायला लागा. पण वस्तू घडली कधी आणि इथल्या जमिनीत गेली कधी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि त्यातून सिद्ध होतो तो व्यापार. थोमा इथे आल्याचे सांगणारे एक अक्षरही कुठे नाही.

म्हणून थोमाला आणू नका, त्याची बातमी आणा. हब्बानच्या ओळखीचा एखादा व्यापारी किनाऱ्यावरून घाट चढून इथे येऊ द्या, आणि त्याच्या तोंडून त्या परदेशी सुताराची बातमी कळू द्या. व्यापारी कोकणात का उतरला, याचे कारण पेरिप्लसमध्ये तयार आहे: कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. दक्षिणेकडची लहान बंदरे धरणारा माणूस त्यामुळे पटतो.

काळ इ.स. ५० धरलात तर कुर घराण्यातल्या विळिवायकुराला गादीवर बसवू नका. कुर राजांची नाणी इथे मिळतात हे खरे, पण भूगोलकार टॉलेमीने हिप्पोकुरा नगराचा राजा बालिओकुरोस (हा विळिवायकुरच मानला जातो) लिहिला तो दुसऱ्या शतकाच्या मध्यात. आज दिसणारे अंबाबाईचे देऊळही कितीतरी शतकांनंतरचे, आणि पन्हाळ्याचा किल्ला शिलाहारांचा, १२ व्या शतकाच्या अखेरचा. ताटात मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका यांतले काही चालणार नाही. झणझणीतपणा हवा तर मिरी, पिंपळी आणि आले. सोबत भात आणि कुळीथ.

शाहूपुरीकर:
करवीर, हे पटले, प्रकरण व्यापाऱ्याचेच करतो. खरोष्ठी, राज्यारोहण २० धरतोय. पण नोंदी ठेवायच्या कशा? पाने वाढली की कुठले वाक्य कशाच्या आधारे लिहिले ते आठवत नाही.

खरोष्ठी:
२० चालेल. वहीत प्रत्येक प्रसंगापुढे चार रकाने आखा: कुठून घेतले, तो ग्रंथ घटनेनंतर किती वर्षांनी लिहिला, दुसरा ग्रंथ काय म्हणतो, आणि तुम्ही काय बदलले. चौथा रकाना लिहिताना त्याच दिवशी भरा. सिरियाक आणि ग्रीक पाठ वेगवेगळ्या शाईने. दोन्हींत फरक आहेत. पहिले बंदर सिरियाकमध्ये सांदारुक आहे आणि ग्रीकमध्ये आंद्रापोलिस, म्हणून भाषांतर वाचताना ते कुठल्या पाठावरून केलेय हे आधी पहिल्या पानावर बघून घ्या.