गावभागात नेटवर्क रॅक बसवायचाय, जागा सुचवा (बजेट ४० हजार)

हळद_पेढी: नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं दुकान, वर माडी. १६ कॅमेरे, २४ पोर्टचा पीओई स्विच (नेटच्या केबलीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा), राउटर, यूपीएस एवढं घेऊन झालंय. हे सगळं ठेवायला १२ यूचा (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं माप) भिंतीवरचा रॅक, म्हणजे लोखंडी कपाट, बघितलाय. जागा दोन: खाली जिन्याखाली, नाहीतर माडीवर बाबांच्या खोलीत. रॅक, वायरिंग, अर्थिंग सगळं धरून ४० हजारांत बसवायचंय. आधी तयारी काय करू?

कृष्णाकाठ: गावभाग म्हणताय आणि जिन्याखाली? २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर होतं. आमच्या दुकानात पंख्याच्या पात्याला लागलं. माडीवरच. विषय संपला.

वायरमन_तात्या: संपला कसा, अर्थिंग राहिलंच की. जागा कुठलीबी घ्या, आधी मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. दोनच्या वर दाखवलं तर पयला अर्थिंगचा खड्डा. जुन्या घरात सॉकेट तीन पिनांचा असतोय, तिसऱ्या पिनेला वायरच नसती. डीबीपासून (घरातली मुख्य वीजपेटी) रॅकला वेगळी लाईन, वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच). रॅकच्या पत्र्यालाबी अर्थ जोडा, दार विसरू नका.

मिरज_जंक्शन: मी थेट ४२ यू घेतला. माणसापेक्षा उंच. निम्मा रिकामा आहे, पण येणारा-जाणारा बघत राहतो. छोटा घेऊन नंतर रडू नका.

हळद_पेढी: ४० हजार म्हणालो ओ.

मिरज_जंक्शन: हळदीचा भाव चढंल की.

कुपवाड_एमआयडीसी: भिंत कसली आहे? माती-विटांची असेल तर फास्टनर धरत नाही. आमच्याकडं सकाळी शटर उघडलं तर रॅक केबलींवर लोंबकळत होता. आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी टाका. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, म्हणजे १२ यूला २१ इंच. उंचीचं टेन्शन नाही, फसगत होते ती मागं-पुढं. एनव्हीआरमागं केबल वळायला जागा सोडून मोजा, मगच रॅक घ्या. यूपीएस टांगू नका, बॅटरी जड असते.

भडंग_स्पेशल: एसी कुठला बघताय?

वायरमन_तात्या: एवढ्याला एसी कशाला? आणि लावलाच तर रॅकच्या डोक्यावर नको. आमच्या एका गिऱ्हाइकाचा स्विच ठिबकणाऱ्या पाण्यानं गेला.

कृष्णाकाठ: पाण्याचंच म्हणतोय मी. माडीवर घ्या.

कुपवाड_एमआयडीसी: एसी नको, पण वारा पाहिजे. साध्या पीओईचा एक पोर्ट १५.४ वॉटपर्यंत देतो, स्विच तापणारच. त्यात तुमची हळद. पंख्यावर पिवळा थर बसला की संपलं. जाळी लावा आणि झटकत जा. गोदामापर्यंतची केबल १०० मीटरच्या आत बसते का तेही मोजा.

विश्रामबाग_वाला: वर सगळ्यांनी सांगितलंच आहे, तरी सांगतो. अर्थिंग करून घ्या.

हळद_पेढी: सगळ्यांचे आभार. मीटर लावला, ११ व्होल्ट आलं. तात्या, खड्डा घेतोय. माडी मात्र रद्द. बाबा दुपारी झोपतात, म्हणाले, "तुझ्या डब्याची घरघर माझ्या उशाला नको." जिन्याखालीच करतोय. भिंतीवरचापण नको, जुना २२ यूचा उभा रॅक साडेसात हजारात मिळाला, खाली चाकं आहेत. पाणी चढायला लागलं की ढकलून नेऊ.

कृष्णाकाठ: चाकं जिना चढत नाहीत ओ.

मिरज_जंक्शन: मी म्हणलो नव्हतो, मोठाच घ्या?