घड्याळाने मनगट खाजायलंय, मागे स्टेनलेस स्टील लिहिलंय तरी! मदत हवी आहे (अर्जंट)

टॉवेलवाला_४१
घड्याळ नेमकं कशाचं बनवतात कुणी सांगेल का. मनगटावर लाल पुरळ उठलंय, रात्री झोप नाही. मागे चक्क स्टेनलेस स्टील कोरलंय, आणि स्टीलची अॅलर्जी होत नाही असं ऐकलंय, मग हे काय आहे? दुकानदार म्हणतो साबण बदला. रविवारी घालून जायचंच आहे, का ते विचारू नका. लवकर सांगा.

शेंगाचटणी
कुठलं घड्याळ? सेलचं का चावीचं? पट्टा कशाचा? कधीपासून घालतोस? फोटो टाक की बे.

टॉवेलवाला_४१
सेल आणि चावीचा खाजेशी काय संबंध?? सोनेरी आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही, फोटो पण नाही.

बाळीवेसकर
चुंबक लाव. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल स्टील. दहा वर्षं असंच घेतोय मी, एकदा पण फसलो नाही.

घड्याळजीचा_पोरगा
मग दहा वर्षं फसतोयस, तुला कळलं नाही एवढंच. पितळेला तरी चुंबक कुठं चिकटतंय? वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, शाळेतून आलो की झाकणं उघडायचं काम माझ्याकडे. धागाकर्त्या, मागे काय लिहिलंय ते पूर्ण वाच. बहुतेक 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल. म्हणजे मागचं झाकण तेवढं स्टीलचं. बाकी डबी पितळेची, म्हणजे तांबं आणि जस्त, वरून मुलामा. खोटं काही लिहिलेलं नाही त्यांनी, आपणच अर्धं वाचतो.

टॉवेलवाला_४१
हो 'बॅक' आहे पुढे. बारीक अक्षरात. मग पितळ खाजवतंय का?

गड्डा_पाळणा
अंधारात चमकतं का? रेडियममुळे असेल. फेकून दे आधी.

घड्याळजीचा_पोरगा
अरे बाबा, रेडियम पूर्वी लावायचे, ते बंद होऊन जमाना झाला. आता काट्यांवर स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची पूड असते, उजेड पितं आणि अंधारात सोडतं, किरणोत्सार वगैरे काही नाही. आपण गाडीच्या मागच्या स्टिकरला पण रेडियमच म्हणतो, त्यात कुठं रेडियम असतं.

वालचंदी_केमिस्ट
पितळ नाही, निकेल. सोनेरी मुलाम्याच्या खाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो, वरचं सोनं नावाला, घासून उडालं की निकेल उघडं पडतं. घामात मीठ असतं, त्यात निकेल थोडं थोडं विरघळून कातडीत उतरतं. गंमत म्हणजे चांगल्या घड्याळाचं स्टील, ३१६एल म्हणतात, त्यात १० ते १४ टक्के निकेल असतं, तरी ते सहसा त्रास देत नाही, कारण त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा डोळ्याला न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा निकेलला आत कोंडून ठेवतो. म्हणजे किती निकेल आहे यापेक्षा बाहेर किती सुटतंय ते महत्त्वाचं. युरोपात १९९४ ला यावर नियम केला, तोसुद्धा सुटणाऱ्या निकेलवर.

शेंगाचटणी
सर तास घेऊ नका 😀 पट्टा कशाचा ते अजून सांगितलं नाही त्याने.

टॉवेलवाला_४१
चामड्याचा. आणि दिवाळीपासून घालतोय, तेव्हा काही नव्हतं, पंधरा दिवस झाले सुरू होऊन. आता खरं सांगतो, दिवाळसणाला सासऱ्यांनी दिलंय आणि रविवारी मेहुणीचं लग्न आहे.

अक्कलकोटरोड
चावीचं घ्यायचं होतं. माझ्याकडे एचएमटी आहे, १७ ज्वेलचं, आत खरे माणिक आहेत, विकलं तर पैसे येतील.

वालचंदी_केमिस्ट
येणार नाहीत. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ मध्ये कृत्रिम माणिक करायची रीत जाहीर केली, अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची, पूड ज्वाळेतून वितळवत थेंब थेंब साचवायची. तेव्हापासून घड्याळात तेच. माणिकाला लाल रंग येतो तो पण क्रोमियममुळेच. स्टील गंजू देत नाही तेही क्रोमियम, कमावलेल्या चामड्यात पण बहुधा क्रोमियमच. आणि हे येतं कुठून तर आपल्याकडे जवळपास सगळं ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यातून.

बाळीवेसकर
म्हणजे चामड्याने पण खाजवू शकतं! मी म्हणत होतो.

घड्याळजीचा_पोरगा
तू चुंबक म्हणत होतास.

होटगीरोड_ताई
टायटॅनियमचं घ्या, संपलं. माझ्या मिस्टरांना हाच त्रास, टायटॅनियम घेतल्यापासून काही नाही. त्याची काळी वाळू, इल्मेनाईट, केरळात चवऱ्याला आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पण आहे. जरा महाग पडतं पण हात एकच आहे.

टॉवेलवाला_४१
ताई, सासऱ्यांचं घड्याळ सोडून नवीन घालून गेलो तर हातच राहणार नाही.

कडक_भाकरी
माझं भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं, सेल बदलला, काय करू?

शेंगाचटणी
टॉवेलवाले, पुरळ नेमकं कुठं उठलंय? डबीच्या खाली, का आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथं?

टॉवेलवाला_४१
आतल्या बाजूला जास्त. डबीखाली थोडंच आहे, कडेकडेने गोल.

घड्याळजीचा_पोरगा
हे आधी सांगायचं की राव! बक्कल आहे ते, पट्ट्याचं बक्कल. झाकण स्टीलचं म्हणून मध्ये काही नाही, डबीची कड आणि बक्कल मुलाम्याचं. दिवाळीला थंडी होती, आता ४३ डिग्रीत टॉवेलच्या कारखान्यात उभा राहतोस, घाम किती येत असेल.

वालचंदी_केमिस्ट
आणि एक विचारतो, राग मानू नका. पँटच्या पट्ट्याच्या बक्कलापाशी, बेंबीच्या खाली, कधी खाज येते का?

टॉवेलवाला_४१
येते!! दोन उन्हाळे झाले. मला वाटलं गजकर्ण, मलम लावत होतो. तुम्हाला कसं कळलं?

वालचंदी_केमिस्ट
निकेलची जुनी खूण आहे ती. एकदा कातडीच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट करा, कातडीवर पट्टी चिकटवून अॅलर्जी कशाची ते बघतात. आपणच ठरवू नका, मनाने मलम लावू नका.

बाळीवेसकर
डबीच्या कडेला आणि बक्कलाला बिनरंगी नेलपॉलिश लाव दोन हात. रविवारपुरतं काम होतंय.

होटगीरोड_ताई
ते घामाने दोन दिवसात निघतं. पण रविवारपुरतं ठीक आहे, आज हे पहिल्यांदा बरोबर बोलले.

घड्याळजीचा_पोरगा
नायलॉनचा एकसंध पट्टा टाक, डबीच्या खालून जातो तो, झाकण पण कातडीला लागत नाही. बक्कल मात्र प्लास्टिकचं बघून घे. नवी पेठेत मिळेल.

अक्कलकोटरोड
नवी पेठेत गाडी लावायला जागा नाही, पार्क चौकात लावून चालत जा.

टॉवेलवाला_४१
आणला पट्टा, काळा. पुरळ अजून आहे पण नवीन उठलं नाही. लग्नात सासरे पहिलं काय म्हणाले माहितीये? "जावईबापू, चामड्याचा पट्टा इतक्यात तुटला?" मी हो म्हणालो. आता त्यांनी नवीन पट्टा आणलाय. चामड्याचा, सोनेरी बक्कलवाला.

कडक_भाकरी
भिंतीवरच्या घड्याळाचं कुणी बघणार आहे का?