मदत हवी आहे: वाशी-कोपरखैरणेच्या जुन्या आठवणी सांगणारी माणसं

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी इथल्या लोकांच्या पोटापाण्याच्या गोष्टी गोळा करतोय. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या जमिनी संपादित झाल्या, पुढे मुंबईतला कांदा-बटाटा बाजार इकडे हलला, एवढं छापील माहितीत मिळतं. माणसं मात्र सापडत नाहीत.

साताऱ्याकडून आलेले, बाजार हलल्यावर सुरुवातीच्या दिवसांत गोणी उतरवलेले माथाडी काका कुणाच्या ओळखीत आहेत का? 1969 च्या माथाडी कायद्यानं घरात नेमकं काय बदललं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. दिवाळे गावच्या मासळीवाल्या मावशींशीही बोलायचंय. मल्याळी गिऱ्हाईक आलं की मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये भाव सांगणारी एक मावशी मी स्वतः पाहिलीय. पाटीवरचा बर्फ सारत बांगड्याचे कल्ले उघडून दाखवत होती. मला वाटतं, हे शहर खरं जोडलं ते अशा देवघेवीनं.

जमीन गेलेल्या घरातलं कुणी बोलायला तयार असेल तर फारच बरं. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड अनेकांना मिळाला, पण शेती-मिठागरं गेल्यावर मधली वर्षं कशी काढली, ते कुणी विचारतच नाही.

घरी येऊन बोलेन, परवानगीशिवाय नाव छापणार नाही. ओळख असेल तर आधी त्यांना विचारून मला मेसेज करा.